जगदेवला कावळा शिवला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक विहीर आहे. रिसोडच्या वेशीबाहेरची, दगडी थारोळ्याची, चांगली डौलदार. तिच्या एका अंगाला वांग्याचे वाफे, दुसऱ्या अंगाला मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मागच्या बाजूला मातीच्या भिंतींचं घर. पुढे ओसरी, मग माजघर, माजघराला लागून एक अंधारी खोली. आणि घरापासून जरा फटकून, गोठ्याला टेकवून उभी केलेली कुडाची पडवी. दिवस थंडीचे, साल एकोणीसशे एकतीस-बत्तीसचं. सूर्य अजून तुरीच्या पलीकडे आहे. मोटेचं चाक कुरकुरतं आहे, मळ्याचा धनी मारोतराव नाड्यावर बसून बैलांना उताराला हाकतो आहे. आणि या सगळ्या नेपथ्याच्या मधोमध, चुलीतली राख टोपल्यात भरून, एक बाई उभी आहे. प्रेक्षकांनी तिच्यावरून नजर हलवू नये. नाटक तिचं आहे.

ती मारोतरावाची बायको, आवडाबाई. कारंज्याकडच्या एका बागवानाची लेक. अंगानं काटकुळी, रंगानं सावळी, बोलायला थोडी. लग्न होऊन या मळ्यात आली तेव्हा तिला नीट नेसताही येत नव्हतं, आणि आता ती आजी झाली होती. वय म्हणाल तर चाळिशीच्या अलीकडेच. त्या काळी बायका अशाच लवकर आज्या होत.

अंधाऱ्या खोलीत तिची लेक जिजा बाळंत होऊन पडली होती. बाळंतपण सरळ झालं नव्हतं. मुलगी वेळेआधी जन्मली आणि जिजाला त्यानंतर ताप धरून होता. मुलगी इतकी लहान की मारोतरावाच्या ओंजळीत मावे. रडायची तर मांजराच्या पिलासारखी. दाईनं जाताना एवढंच सांगितलं होतं, की हिला ऊब द्या, आईचं दूध द्या, आणि जास्त हाताळू नका. पहिल्या दोन गोष्टी आवडाबाईच्या हातात होत्या. तिसरी नव्हती.

कारण घर माणसांचं होतं. येणारा प्रत्येक जण तान्ह्याला मांडीवर घेई आणि बोटाला गूळ लावून त्याला चाटवी. ही माया होती, रीत होती. असं एक गुळाचं बोट आवडाबाईला राहून राहून आठवे. जिजाच्या पाठीवर तिला भगवंता झाला होता. गुटगुटीत, हसरा मुलगा. एक दूरचा नातेवाईक मुक्कामाला आला, त्याचं पोट बिघडलेलं होतं, सारखा वावराकडे जात होता. तरी त्यानं कौतुकानं भगवंताला मांडीवर घेतलं आणि गूळ चाटवला. मग भगवंताचंही पोट सुटलं, आणि थांबलं ते त्याच्याबरोबरच थांबलं. सगळे म्हणाले नजर लागली. आवडाबाई काही म्हणाली नाही. पण ते बोट तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही.

तर त्या सकाळी ती राख टाकायला बाहेर आली आणि रस्त्यावरून एक बैलगाडी मळ्यात वळली.

गाडीत तिचा दीर होता, जगदेव. वऱ्हाडात दंडार करतात. उघड्या चौकात, मशालींच्या उजेडात, सोंगं काढून, गाऊन-नाचून रात्र जागवायची. जगदेव त्या दंडारीतला बाईचं सोंग घेणारा गडी. त्यानं नेसलेलं पाहून जाणत्या बायका पदराला हात लावून खात्री करून घेत. लग्न केलं नव्हतं. सोंगातच रमला होता. दोन कोसांवरच्या गावात रात्रभर दंडार झाली होती, वर गावजेवण झालं होतं, आणि आता तो गाडीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. अंगात अजून लाल लुगडं. तोंडावरचा सफेदा घामानं ओघळलेला, कपाळाचं कुंकू नाकापर्यंत आलेलं. गाडीवान दुरूनच सांगू लागला, की त्या गावात घराघरात हीच गत आहे. काल दुपारपासून कोणी ओकून राहिलंय, कोणी तांब्या घेऊन पळून राहिलंय, आणि तरी सगळ्यांनी पंगतीला बसून घेतलं.

जगदेव खाली उतरला, गाडीच्या चाकाला धरून ओकला आणि तिथंच बसला.

ओसरीवरून त्याची आई, म्हणजे आवडाबाईची सासू, उठली. गिरजाबाई. वय झालेलं, डोळ्यांत सारा येऊन नजर अंधूक झालेली, हातात काठी. पण आवाज असा की विहिरीवर बैल थांबावेत. काय झालं माझ्या लेकराला म्हणत ती निघाली ती हात पसरूनच.

आवडाबाईला पुढचा सगळा प्रवेश दिसला, पाठ केलेल्या माणसाला दिसावा तसा. आत्याबाई त्याला पोटाशी धरतील. पदरानं त्याचं तोंड पुसतील. त्याच हातानं रांजणात गडवा बुडवून त्याला पाणी देतील, पीठ मळतील, आणि मग खोलीत जाऊन पणतीला मांडीवर घेतील. अडवून उपयोग नव्हता, हे तिला माहीत होतं. मागच्या साली शेजारच्या मळ्यात असंच दुखणं होतं, तेव्हा तिनं नुसतं म्हणून पाहिलं होतं की आपण जरा दूर राहू. त्यावर गिरजाबाईनं तिला चार बायकांत विचारलं होतं, दुखणेकऱ्याला टाकून पळायचं कोणत्या घरची रीत आहे. आणि इथं तर पोटचा पोरगा होता.

आणि मग तिची नजर त्या लाल लुगड्यावर गेली.

आवडाबाईची दोन लाल लुगडी होती, एकाच मागावरची. एक माजघरात खुंटीवर असे. दुसरं, जास्त विटलेलं, गोठ्याशेजारच्या पडवीत. महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचं तेव्हा नेसायचं ते. त्या लुगड्याला घरातलं कोणी हात लावत नसे. जगदेवानं जाताना खुंटीवरचं नेलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण गिरजाबाईच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच.

"आत्याबाई, शिवू नका त्याईले," आवडाबाई म्हणाली. "भाऊजी माहं बाहीरचं लुगडं नेसून गेलते."

गिरजाबाई होती तिथं उभी राहिली. हात पसरलेले तसेच, पण पाय पुढे पडेना.

जगदेवानं मान वर केली. त्यानं लुगडं कुठून घेतलं ते त्याला माहीत होतं. त्यानं वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. का, कशासाठी, त्याला काही कळलं नव्हतं. पण रंगात उभा राहिलेला माणूस समोरच्यानं टाकलेलं वाक्य कधी खाली पडू देत नाही. पोटात कळ येत असतानाच त्यानं ते झेललं.

"चुकलं, वयनी," तो कण्हत म्हणाला. "अंधारात हाती आलं ते घेतलं."

"पाह्य याचे रंग," गिरजाबाई म्हणाली. "बायको कर म्हनलं त बारा सालं आयकलं नाई, अन् आता सोताच बायको होऊन आला. जाय, बस पडवीत. चार दिवस घराकडं फिरकू नको."

आणि ती मागे फिरली. गाडीवान तोंड फिरवून हसू दाबत होता.

आता यातली खुबी बघा. दुखण्यापासून दूर कसं राहायचं हे त्या घरात कोणाला शिकवलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. पण विटाळ कसा पाळायचा हे शेंबड्या पोरापासून सगळ्यांना येत होतं. बाहेर बसलेल्याचं ताट वेगळं, घोंगडी वेगळी, पाणी प्यायची मातीची मोगी वेगळी. त्याला भाकर वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. त्यानं रांजणाला, चुलीला हात लावायचा नाही. आपलं धुणं आपण, तेही खालच्या अंगाला धुवायचं. बायकांना हे चार दिवस काही सुखाचे नसत. थंडीत त्या कुडाच्या पडवीत आवडाबाईनं किती रात्री काकडत काढल्या होत्या. पण तोच जाच तिनं आज उचलला आणि दाराला कडी लावावी तसा जिजाच्या खोलीपुढे लावला.

थोडी भर तिनं आपल्या पदरची घातली. तुरीच्या पलीकडे मारोतरावाकडून खड्डा खणून घेतला आणि जगदेवला तिथंच जायचं, वर राख-माती लोटायची, असं बजावलं. त्याच्या आंघोळीचं पाणी मेथीच्या पाटाला लागणार नाही असा बांध घातला. पडवीपाशी जाऊन आली की राखेनं कोपरापर्यंत हात घाशी. लुगडं उकळत्या पाण्यात घातलं, त्याचा रंग गेला तो गेलाच. तांदळाची पातळ पेज करून, मीठ टाकून, ती दुरून त्याच्या मोगीत ओती, आणि त्यानं घोट-घोट घेतली की नाही ते उभं राहून पाही.

दुसऱ्या दिवशी त्याची ओकारी थांबली आणि जगदेव माणसात आला. माणसात कसला, सोंगात आला. डोक्यावरून घोंगडी पदरासारखी घेऊन, एक गुडघा उभा करून तो पडवीच्या तोंडाशी असा बसे की सासुरवाशीण झक मारेल. भाजीसाठी मळ्यात येणाऱ्या बाया थबकत. तो मान खाली घालून, आवाज बारीक करून त्यांना सांगे, की बाई, पदर सांभाळा, मी बाहेरची आहे. एकीनं विचारलं, पहिलीच वेळ का. तो म्हणाला हो, आणि आईनं काही सांगितलंच नव्हतं. बाया हसून हसून मेथीच्या वाफ्यात बसत. पण पडवीच्या जवळ एक जात नसे, आणि मारोतराव भाजी थेट बांधावर आणून त्यांच्या टोपलीत टाकी. आवडाबाई ओसरीवरून हे सगळं पाही आणि मनातल्या मनात दिराला आशीर्वाद देई.

खोलीत जिजाचा ताप उतरणीला लागला. तान्ही नेमानं दूध ओढू लागली.

पण उसना घेतलेला नियम त्याच्या मुदतीसकट घ्यावा लागतो. चौथ्या दिवशी सकाळी जगदेव थारोळ्यावर डोक्यावरून न्हाला. रीतच तशी. धुतलेलं धोतर नेसला, केसांना तेल लावलं आणि ताठ मानेनं घरात आला. गिरजाबाईनं त्याला ओवाळायचंच तेवढं बाकी ठेवलं. तिनं त्याचं डोकं कुरवाळलं, गाल चाचपले, आणि म्हणाली, चल, पणतीचं तोंड पाहा, तिनं अजून आजोबाचा हात पाहिला नाही. जगदेवानं दंडारीच्या गावाहून बत्तासे आणले होते. एक बत्तासा त्यानं तळहातावर चुरला, दोन थेंब पाण्यात कालवला आणि बोट बुडवून तो खोलीकडे निघाला.

आवडाबाई माजघरात भाकर थापत होती. त्याच सकाळी, न्हाण्याच्या आधी आणि नंतरही, जगदेव घाईघाईनं तुरीच्या पलीकडे गेलेला तिनं पाहिला होता. विटाळ संपला होता. पोट संपलं नव्हतं. ती पिठाचे हात तसेच घेऊन उठली आणि खोलीच्या दारात चौकटीला दोन्हीकडे हात लावून उभी राहिली.

"सरक, आवडे," गिरजाबाई म्हणाली. "न्हालं, धुतलं लेकरू. आता कायचा विटाळ?"

आपल्याला दुसरं काही सुचतंय का, हे आवडाबाईनं क्षणभर पाहिलं. अजून एखादं खोटं सापडलं असतं. पण जगदेवाचं बोट दारापासून वीतभर अंतरावर होतं, आणि त्यावरून बत्ताशाचा पाक ओघळत होता.

"विटाळ नव्हताच, आत्याबाई. ते लुगडं घरातलंच होतं. मी खोटं बोलली."

"काहून?"

"त्याईच्या पोटाचं भेव वाटलं मले. भगवंता असाच गेला. पाव्हन्याचं पोट बिघडेल होतं अन् त्यानं बोट चाटवलं. तवा मी बोलली नाई. आता बोलतो. ह्या पोरीले कोनी बोट लावाचं नाई."

घरात भगवंताचं नाव कोणी घेत नसे. बाहेर मोटेचं चाक थांबलं होतं; मारोतराव ओसरीच्या पायरीवर येऊन उभा होता. जगदेव आपल्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्यानं ते धोतराला पुसलं, हळूच, जणू त्याच्यावर विंचू होता.

"वयनी, हे आधी सांगाचं होतं," तो म्हणाला. "मी म्हयनाभर बसलो असतो."

गिरजाबाईचा प्रश्न मात्र वेगळा होता. पोटाचं काय आणि बोटाचं काय, ते तिच्या कानावरून गेलं. तिला एवढंच ऐकू आलं, की सुनेनं देवाच्या घरात विटाळाचं खोटं सांगितलं आणि आजारी पोराला चार दिवस आईपासून तोडलं. ती ओरडली नाही. तिनं काठी भिंतीला लावली, चुलीपुढे जाऊन बसली, तव्यावरची भाकर उलथली, आणि पाठमोरीच म्हणाली, की आजपासून या चुलीला आवडीनं हात लावायचा नाही.

बाईच्या हातून चूल काढणं म्हणजे काय, हे ज्या घरांत चूल होती त्यांनाच कळेल. मारोतरावानं आईला काही बोलायला तोंड उघडलं, तर आवडाबाईनंच त्याला डोळ्यानं गप्प केलं. तिनं परसात तीन दगड मांडले. आपला आणि जिजाचा स्वैपाक त्यावर होऊ लागला. पाणी ती वेगळ्या घागरीत भरी. जिजाच्या खोलीचं मागचं दार परसात उघडे. तिनं माजघराकडचं दार आतून लावून घेतलं आणि मागच्या दारानं ये-जा ठेवली. सासूनं तिला घरातून वेगळं काढलं होतं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. पण त्यात आनंद नव्हता. भिंतीपलीकडे गिरजाबाई पोराला आपल्या ताटात बसवून, स्वतःच्या हातानं वरणभात कालवून भरवत होती, आणि तो नको म्हणत होता, आणि ती त्याचं उरलेलं खात होती, हे तिला सगळं ऐकू येत होतं. जगदेव एकदा परसात येऊन दुरून म्हणाला, आई ऐकत नाही. आवडाबाई म्हणाली, मग तुम्हीच आपले हात राखेनं घासत जा.

दोन रोजांनी दुपारी माजघरातून भांडं पडल्याचा आवाज झाला. गिरजाबाई ओकत होती.

म्हातारं शरीर. सकाळी बोलत होती, संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. आवडाबाईचा एक पाय तिच्याकडे धावला आणि दुसरा उंबऱ्यात अडकला. ती तिच्याजवळ गेली तर परत जिजाजवळ कोणत्या हातांनी जाणार होती? आणि नाही गेली तर सासूला टाकलं असं सारा गाव म्हणणार होता. म्हणो. पण तिला स्वतःलाच ते सोसवत नव्हतं. ती परसाच्या कोपऱ्यातून माजघराकडे पाहत उभी होती, तेवढ्यात तिला जे दिसलं ते पुढे त्या मळ्यांत कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं.

गिरजाबाई काठी टेकत, भिंत धरत, बाहेर आली. जगदेव तिला धरायला गेला, तर त्याला तिनं नुसता खांदा धरू दिला. ओसरी उतरली, गोठ्याला वळसा घातला, आणि ती पडवीत जाऊन घोंगडीवर बसली.

त्याच वेळी तांड्यावरची जमनाबाई सरपणाची मोळी घेऊन मळ्यात आली होती. नेहमीची, तोंडाची फटकळ बाई. तिनं मोळी टाकली आणि पाहतच राहिली.

"अवं गिरजाबाई, तुमी इथं कायले बसल्या?"

"कावळा शिवला मले," गिरजाबाई म्हणाली.

"या वयात?"

"कावळ्याले कुठं कळते," गिरजाबाई म्हणाली. "तू दूर राह्य. अन् जाताना माह्या सुनेले सांग, तिनं इकळे येऊ नाई. तिनं त्या पोरीपाशी बसाव."

जमनाबाईनं निरोप सांगितला तेव्हा आवडाबाई परसात तीन दगडांपुढे पेज ढवळत होती. ती ढवळतच राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

मग तिनं जगदेवला हाक मारली. ज्याला होऊन गेलं त्यानंच आता करायचं, ती म्हणाली. आणि पुढचे दिवस त्या बाईचं सोंग घेणाऱ्या गड्यानं सोंगाशिवाय बाईपण केलं. आईची लुगडी खालच्या अंगाला नेऊन धुतली. राख-माती लोटली. लाकडी डावानं तिच्या ओठांत पेज सोडली. एक डाव, मग थांबायचं, ओकली नाही तर पुन्हा एक. आवडाबाई बांधावर उभी राहून सांगत होती आणि तो करत होता. घाई करू नका भाऊजी. मीठ टाकलं का. लघवीला झाली का. एकदा रात्र पडायच्या सुमाराला गिरजाबाईचे हातपाय गार पडले आणि ती ओळख देईना. जगदेवानं बांधाकडे पाहिलं. आवडाबाईनं विटा तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच्याकडे सरकवल्या आणि म्हणाली, पायाशी ठेवा आणि पेज चालू ठेवा. तो पेज देत राहिला. ती तिथंच थंडीत उभी राहिली, आत जिजा झोपली आहे की जागी, इकडे एक कान ठेवून. उजाडता उजाडता म्हातारीनं पेजेत गूळ का नाही म्हणून विचारलं. जगदेव उठून थारोळ्यावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत बसला.

त्या सकाळी गिरजाबाईला घरावर धूर दिसला नाही. परसातून येत होता तेवढाच. तिनं जगदेवला विचारलं, चूल का पेटली नाही, मारोती काय खातो. जगदेव म्हणाला, तू बंद केलीस ना, वहिनी हात लावत नाही. दादा मुळे आणि शिळी भाकर खातो. म्हातारीनं घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाली, जा, तिला म्हणावं चूल सारवून घे आणि पेटव. माझी वाट पाहू नको.

आवडाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली, दुसरी मोठी लढाई सुरू होऊन रॉकेल मिळेनासं झालं तेव्हाही आपला मळा तीच पाहत होती. त्या मळ्यांकडे कोणाचं पोट बिघडलं की लोक म्हणत, आवडाबाईचा कावळा शिवला, आणि गडी असो की बाई, म्हातारं असो की पोर, तो मुकाट्यानं पडवीत जाऊन बसे. लाजायचं काही राहिलं नव्हतं. जगदेवानं ते हसून हसून मोडून टाकलं होतं. मुदत मात्र चार दिवसांची कोणी धरत नसे. आवडाबाई उठ म्हणेपर्यंत बसायचं. तिनं काही औषध शोधलं नव्हतं, आणि सगळीच माणसं वाचली असंही नाही. पण ती घराघरांत विचारायला जाई, आणि तान्ह्याच्या दारात उभी राही. जिजाची मुलगी दंगेखोर निघाली. नांदायला गेली तेव्हा विहिरीच्या काठावर तिला रडताना पाहून बैलसुद्धा मोट ओढेनात, असं मारोतराव सांगे. बाप-आजोबांच्या सांगण्यातलं निम्मं धरायचं.

पण पडदा पडायचा तो तिथं नाही. तो त्या थंडीतल्याच एका सकाळी पडू द्यावा.

ऊन चांगलं वर आलं होतं. गिरजाबाई डोक्यावरून न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली, जगदेवाच्या हाताला धरून ओसरीच्या पायरीपर्यंत आली. अंगात काही उरलं नव्हतं, लुगडं काठीवर घातल्यासारखं दिसत होतं. माजघरात चूल पेटलेली होती, भाकरीचा वास येत होता. आवडाबाई तिला घ्यायला उठली. पण म्हातारीनं पायरीवर पाऊल ठेवलं नाही. ती खालीच उभी राहिली.

"रीतीनं पाह्यलं त मी आज सुटली," ती म्हणाली. "पन तू सांग. त्या पोरीले मी कवा घेऊ?"

सासूनं सुनेला असं कधी विचारलं नव्हतं. जगदेव दुसरीकडे पाहू लागला. आवडाबाई दारातच उभी होती. तिला हो म्हणावंसं फार वाटलं. म्हातारीचा मोकळा हात पुढे आला होता, आणि तो कशासाठी आला होता हे तिला कळत होतं.

तिनं अंगणातली बाज जगदेवाला उन्हात ओढायला सांगितली, ती आत गेली, आणि गोधडीत गुंडाळलेली तान्ही घेऊन परत उंबऱ्यात आली. ऊन डोळ्यांवर आलं तशी मुलगी कुरकुरली. गिरजाबाईला सारा आलेल्या डोळ्यांनी ती नीट दिसत नव्हती. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"कवा, ते मले बी नक्की मालूम नाई, आत्याबाई," आवडाबाई म्हणाली. "आठ-धा दिवस त जाऊ द्या. तवरक तुमी रोज अशा बाजंवर बसा, मी हिले इथं घेऊन बसतो. तुमी तिथून बोला तिच्यासंग. लय बोला."